चालू सोप सेवेला हात लावण्याआधी: अपाचे सीएक्सएफमधल्या त्रुटी आणि त्यांची तपासणी

बँकेशी, कारखान्याच्या वजनकाट्याशी किंवा मोठ्या गिऱ्हाइकाच्या ईआरपीशी बोलणारी सोप सेवा, म्हणजे एक्सएमएल संदेशांतून दुसऱ्या सॉफ्टवेअरशी देवाणघेवाण करणारी सेवा, एकदा चालू झाली की तिच्याकडे परत कुणी बघत नाही. कोल्हापुरात शाहूपुरी-राजारामपुरीतल्या लहान ऑफिसांतून लिहिलेलं, पतसंस्थेत, साखर कारखान्याच्या शेतकी विभागात किंवा शिरोलीच्या फौंड्रीत बसवलेलं जावाचं सॉफ्टवेअर दहा-दहा वर्षं तसंच चालतं. ‘चालतंय न्हवं, मग कशाला हात लावायचा?’ हे उत्तर सगळ्यांना पाठ आहे. ज्या फ्रेमवर्कवर ती सेवा उभी आहे त्यात या दहा वर्षांत काय काय सापडलं, हे मात्र कुणी तपासलेलं नसतं. हा लेख अपाचे सीएक्सएफ वापरणाऱ्यांसाठी आहे, आणि सीएक्सएफ वापरतो हे माहीतच नसलेल्यांसाठी तर जास्तच.

सीएक्सएफ म्हणजे सेल्टिक्स आणि एक्सफायर या दोन जुन्या प्रकल्पांना एकत्र करून झालेलं, जावात सोप आणि रेस्ट सेवा लिहिण्याचं मुक्तस्रोत फ्रेमवर्क. २००८ पासून ते अपाचेचा स्वतंत्र प्रकल्प आहे. त्याची सुरक्षा सूचनापत्रं उघड्यावर असतात, आणि ती वाचायची एक रीत आहे. बरेच जण सीव्हीई क्रमांक (प्रत्येक जाहीर त्रुटीला मिळणारा ओळखक्रमांक) आणि त्यापुढचा गंभीरतेचा आकडा बघून घाबरतात किंवा सोडून देतात. खरं वाचायचं असतं ते ‘कोणती अट असेल तर’ हे वाक्य. सीएक्सएफच्या बऱ्याच त्रुटी एखादी ठरावीक सोय चालू असेल तरच लागू होतात. उरलेल्या मात्र कुठल्याही अटीशिवाय लागतात, आणि त्या ओळखता आल्या पाहिजेत.

आधी आपली आवृत्ती शोधा. पॉम फाइलमध्ये (लागणाऱ्या लायब्रऱ्यांच्या यादीत) लिहिलेला आकडा पुरावा म्हणून धरू नका, कारण दुसरी एखादी लायब्ररी आपल्यासोबत वेगळी आवृत्ती ओढून आणते. मेव्हन या बिल्ड साधनाने डिपेंडन्सी ट्री, म्हणजे कोणती लायब्ररी कुणाला ओढते त्याची यादी, काढा. त्याहून पक्कं म्हणजे सर्व्हरवर प्रत्यक्ष चालणारी वॉर फाइल (सॉफ्टवेअरचा पॅकबंद गठ्ठा) उघडून वेब-इन्फच्या लिब फोल्डरमध्ये बघणं. तिथे सीएक्सएफ-कोर नावाची जार (लायब्ररीची फाइल) असेल तर ३ किंवा ४ ची मालिका. सीएक्सएफ-बंडल किंवा सीएक्सएफ-एपीआय दिसली तर २ ची मालिका, म्हणजे काम मोठं आहे. कुणी जारचं नाव बदलून ठेवलं असेल तर तिच्या आत मेटा-इन्फमधल्या पॉम-प्रॉपर्टीज फाइलमध्ये खरी आवृत्ती मिळते. एकाच लिबमध्ये दोन आवृत्त्यांच्या जार सापडल्या तर पहिलं काम तेच, कारण क्लासलोडर कोणती उचलेल याची खात्री देता येत नाही.

आता सगळ्यात जास्त वेळ देण्यासारखी त्रुटी: सीव्हीई-२०२२-४६३६४. ३.५.५ आणि ३.४.१० च्या आधीच्या आवृत्त्यांत ती आहे. ती समजायला एमटीओएम (सोप संदेशाला फाइल जोडायचं तंत्र) कसं चालतं ते आधी बघावं लागतं. समजा काट्यावरून ऊसगाडीची काटापावती आणि गाडीचा फोटो मुख्य कार्यालयाच्या सोप सेवेकडे जातो. फोटो एक्सएमएलच्या आत अक्षरांत बदलून घातला तर आकार तिसऱ्या हिश्श्याने वाढतो. म्हणून फोटो संदेशाला वेगळा जोडतात आणि एक्सएमएलमध्ये फोटोच्या जागी एक्सओपी इन्क्लूड नावाची खूण ठेवतात. त्या खुणेच्या एचरेफमध्ये ‘सीआयडी’ने सुरू होणारा ओळखक्रमांक असतो. सर्व्हर तो क्रमांक घेऊन जोडलेल्या भागांत फोटो शोधतो.

जुन्या कोडमध्ये चूक अशी होती की एचरेफमध्ये सीआयडीऐवजी पूर्ण यूआरएल आला, तर सर्व्हर स्वतः त्या पत्त्यावर जाऊन तिथला मजकूर आणायचा. पाठवणाऱ्याने तिथे ऑफिसच्या आतल्या जाळ्यातला पत्ता लिहिला, तर बाहेरून न दिसणाऱ्या मशीनकडे आपलाच सर्व्हर विनंती घेऊन जातो. फायरवॉलच्या नजरेत ती आतल्याआत झालेली साधी विनंती असते. फाइलने सुरू होणारा पत्ता दिला तर सर्व्हरवरची फाइल वाचली जाते. सेवा आलेला मजकूर उत्तरात परत पाठवत असेल, किंवा जतन करून नंतर दाखवत असेल, तर ती फाइल सरळ बाहेर गेली. क्लाउडवर मशीन असेल तर १६९.२५४.१६९.२५४ या मेटाडेटा पत्त्याची भीती सगळ्यात मोठी, कारण तिथून मशीनच्या तात्पुरत्या चाव्या मिळतात. ॲमेझॉनवर मेटाडेटाची दुसरी आवृत्ती सक्तीची केली असेल तर आधी टोकन मागावं लागतं आणि साधी गेट (पत्त्यावरचं नुसतं वाचायला मागणारी) विनंती तिथे फसते. ती सक्ती आजच करून टाका, सीएक्सएफ असो वा नसो.

या त्रुटीची अट वाचा: कोणत्याही प्रकारचा एक तरी पॅरामीटर घेणारी सेवा. म्हणजे जवळपास प्रत्येक सेवा. ‘आम्ही एमटीओएम वापरतच नाही’ हे उत्तर इथे पुरत नाही. येणारा संदेश मल्टिपार्ट असेल की साधा, हे पाठवणारा ठरवतो. सेवा फक्त शेतकरी क्रमांक आणि वजन घेत असली तरी तिच्याकडे जोडपत्रवाला संदेश कुणीही धाडू शकतो. दुरुस्त आवृत्त्यांत एचरेफमधल्या यूआरएलच्या मागे जाणं मुळातच बंद आहे. ती सोय परत चालू करणारी सेटिंगही दिलेली आहे. एखाद्या जुन्या भागीदाराचा संदेश अडतो म्हणून कुणी ती चालू करत असेल तर थांबवा आणि त्या भागीदाराला सीआयडी पाठवायला सांगा.

याच जातीची दुसरी त्रुटी एजिस डेटाबाइंडिंगमध्ये (एक्सएमएल आणि जावा ऑब्जेक्ट यांची अदलाबदल करणाऱ्या भागात) निघाली, सीव्हीई-२०२४-२८७५२. दुरुस्ती ४.०.४, ३.६.३ आणि ३.५.८ मध्ये. एजिस हा एक्सफायरच्या काळातला वारसा. मुळात मिळणारं जॅक्सबी बाइंडिंग वापरणाऱ्यांना, म्हणजे ज्यांनी काही बदललं नाही त्यांना, ती लागत नाही. पण २००८-१० च्या सुमारास एक्सफायरवरून उचलून आणलेली सेवा असेल तर लिब फोल्डरमध्ये एजिसची जार आहे का ते बघाच. तिसरी त्रुटी रेस्टच्या बाजूची, सीव्हीई-२०२४-२९७३६: डब्ल्यूएडीएल या रेस्ट सेवेच्या वर्णनासाठी वेगळा स्टाइलशीट पॅरामीटर ठरवलेला असेल तरच. तो फार कमी ठिकाणी असतो.

तिन्ही ठिकाणी सर्व्हर कुणाच्या तरी सांगण्यावरून बाहेर जातो. त्यामुळे आवृत्ती बदलण्याआधीही एक उपाय हातात असतो: सर्व्हरला बाहेर जायची परवानगी मोजकी ठेवा. बहुतेक ठिकाणी फायरवॉलचे येणारे नियम कडक आणि जाणारे सताड उघडे असतात. काट्याच्या सेवेला डेटाबेस, एसएमएसवाल्याचा पत्ता आणि वेळ जुळवणारा सर्व्हर एवढंच लागत असेल, तर तेवढेच तीन पत्ते उघडा. यादी करायला दोन दिवस जातात, कारण काय काय बाहेर जातं हे कुणालाच नक्की ठाऊक नसतं. आधी दोन दिवस सगळं जाऊ द्या, पण लॉग करा, मग लॉग बघून यादी पक्की करा. नियम सर्व्हरच्या स्वतःच्या फायरवॉलमध्ये घाला. फक्त राउटरवर घातला तर त्याच जाळ्यातल्या शेजारच्या मशीनकडे जाणारी विनंती राउटरपर्यंत पोचतच नाही.

दुसरा मोठा गट जागा आणि मेमरी संपवणाऱ्या त्रुटींचा. इथे चोरी होत नाही, सेवा बंद पडते. म्हणून लोक त्याला कमी लेखतात. पण डिसेंबरात गाड्यांची रांग लागलेली असताना काटापावती निघेना, तर त्याचा त्रास कसा असतो हे कारखान्यावरच्या माणसांना वेगळं सांगायला नको.

सीएक्सएफ मोठा संदेश मेमरीत ठेवत नाही. ठरलेल्या मर्यादेपुढे, मुळात १२८ केबीपुढे, तो तात्पुरत्या फाइलमध्ये उतरवतो. फाइलचं नाव ‘सीओएस’ या अक्षरांनी सुरू होतं. काम झालं की ती पुसली जायला हवी. सीव्हीई-२०२५-२३१८४ अशी की काही प्रसंगी तो प्रवाह बंदच होत नाही आणि फाइल मागे राहते. सर्व्हर आणि क्लायंट दोघांनाही हे लागू आहे, म्हणजे दुसऱ्याची सेवा फक्त वापरणाऱ्यांनाही. हिशोब करा: दिवसाला १,००० पावत्या, प्रत्येकी २ एमबीचा फोटो, आणि त्यातल्या शंभरातल्या १० फाइली मागे राहिल्या तर रोजचे २०० एमबी, महिन्याला ६ जीबी. डिस्क हळूहळू भरते आणि हंगामाच्या मध्यावर संपते, तेव्हा सगळे डेटाबेसला दोष देत बसतात.

दुरुस्ती ३.५.१०, ३.६.५ आणि ४.०.६ मध्ये आली. पण याच जागी एक नवी चूक शिरली, आणि ती माहीत नसली तर अर्धवट अपग्रेड अंगाशी येतो. सीव्हीई-२०२५-४८७९५: तात्पुरती फाइल पूर्ण मेमरीत वाचून लॉगमध्ये लिहिली जायची. मोठी फाइल आली की मेमरी संपणार. शिवाय तात्पुरत्या फाइली कूटबद्ध ठेवायची सोय ज्यांनी केली होती, त्यांचा मजकूर लॉगमध्ये मात्र उघडा पडायचा. ती सुधारली ३.५.११, ३.६.६, ४.०.७ आणि ४.१.१ मध्ये. म्हणजे ३.५.१० वर थांबलेला माणूस एक भोक बुजवून दुसरं उघडं ठेवून बसलेला असतो. त्या काळातले लॉग तपासा, त्यांत पॅन क्रमांक किंवा खाते क्रमांक असलेले संदेश उतरले असतील तर ते लॉग आणि त्यांचे बॅकअप दोन्ही साफ करावे लागतील. तात्पुरती जागा भरण्याची तक्रार तशी नवी नाही. २०१४ मध्येही सीव्हीई-२०१४-०११० हीच होती, चुकीचा मोठा सोप संदेश धाडून जागा भरवणारी. त्यामुळे या जागेवर कायम पाळत ठेवणं हाच रास्त मार्ग वाटतो.

पाळत ठेवताना लोक स्लॅश टेम्पमध्ये बघतात आणि ‘इथे काहीच नाही’ म्हणतात. सेवा चालवणारा टॉमकॅट सर्व्हर स्वतःचं टेम्प फोल्डर वापरतो, त्याच्या बेस फोल्डरच्या आत. तिथे ‘सीएक्सएफ-टेम्प’ने सुरू होणारी फोल्डरं शोधा. उबुंटूवर सिस्टमडीने सेवेला खासगी टेम्प दिलेलं असेल तर आणखी वेगळ्या जागी. फाइली हाताने पुसल्या तरी जागा सुटली नाही, तर प्रक्रियेने त्या अजून धरून ठेवलेल्या आहेत. एलएसओएफ या आज्ञेने पुसलेल्या पण उघड्या फाइली दिसतात, आणि त्या टॉमकॅट परत सुरू केल्यावरच सुटतात. तात्पुरत्या फाइलींसाठी वेगळं पार्टिशन द्या, म्हणजे ते भरलं तरी लॉग आणि डेटाबेस चालू राहतात. पंचगंगेला राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट ठरवून दिलेली आहे. या पार्टिशनलाही तशाच दोन पातळ्या लावा: ७० टक्क्यांना मेसेज, ८५ टक्क्यांना फोन. एकच पातळी ९५ वर ठेवली तर हालचालीला वेळच उरत नाही.

येणाऱ्या संदेशाच्या आकाराला सीएक्सएफ स्वतःही लगाम घालतो. २०१३ च्या सीव्हीई-२०१३-२१६० नंतर एक्सएमएल वाचणाऱ्यावर मर्यादा आल्या: एका घटकाची थेट मुलं ५०,०००, खोली १००, एका घटकावर ५०० ॲट्रिब्यूट. ऊसबिलांची मोठी यादी एकाच संदेशात पाठवणारे इथे अडतात. तेव्हा मर्यादा वाढवण्यापेक्षा यादी ५,००० च्या तुकड्यांत पाठवा.

जोडपत्रांच्या दोन मर्यादा मात्र आपल्या लोकांना खास त्रास देतात. सीव्हीई-२०१९-१२४०६ नंतर एका संदेशाला मुळात ५० जोडपत्रं चालतात. दिवसभराचे ८० फोटो एकत्र पाठवणारी जुनी सेवा अपग्रेडच्या दुसऱ्या दिवशी बंद पडते, आणि ‘नवी आवृत्ती खराब’ म्हणून जुनी वॉर परत चढवली जाते. दुसरी मर्यादा सीव्हीई-२०१७-१२६२४ नंतरची: जोडपत्राचा हेडर ३०० अक्षरांपुढे गेला की नाकारला जातो. इंग्रजी नावांच्या फाइलींना याचा पत्ताही लागत नाही. देवनागरी नावाचं तसं नाही. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइटचं, आणि टक्केवारीच्या लिपीत (प्रत्येक बाइटला % आणि दोन अक्षरं) ते नऊ अक्षरांचं होतं. काना, वेलांटी, उकार ही वेगळी चिन्हं म्हणून मोजली जातात. ‘शिरोळ तालुका ऊस तोडणी वाहतूक पावती’ या नावात २९ चिन्हं आणि पाच मोकळ्या जागा आहेत. २९ गुणिले ९ म्हणजे २६१, मोकळ्या जागांचे १५, एक्स्टेन्शनचे ४, आणि हेडरचा ठरलेला भाग साधारण ५०. झाले ३३०. एवढं साधं मराठी नाव असलेली फाइल परत येते, आणि त्याच गाडीची इंग्रजी नावाची फाइल मुकाट जाते. कारण शोधायला दिवस जातो. मर्यादा वाढवणारी सेटिंग आहे, पण बरा उपाय म्हणजे जोडपत्राचं नाव पावती क्रमांकाचं ठेवणं आणि मराठी नाव एक्सएमएलच्या आत पाठवणं.

आता दिसणाऱ्या पानांकडे. सीएक्सएफ सर्व्हलेट मुळात सगळ्या सेवांची यादी एका पानावर दाखवतो. त्या पानात परावर्तित क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग (पत्त्यातून घुसवलेली स्क्रिप्ट बघणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालणं) दोनदा सापडलं: सीव्हीई-२०१९-१७५७३ आणि सीव्हीई-२०२०-१३९५४. सर्व्हलेटला यादीचं पान लपवायची सेटिंग असते, ती लावून टाका. प्रॉडक्शनवर ते पान लागतच नाही. सीव्हीई-२०२२-४६३६३ थोडी आडबाजूची आहे: स्थिर फाइलींची यादी आणि रिडायरेक्ट-क्वेरी-चेक या दोन्ही सेटिंग एकत्र लावल्या असतील तर फोल्डरची यादी आणि कोड बाहेर दिसू शकतो. दोन्ही एकत्र ठेवायचं काहीच कारण नसतं. वेब-एक्सएमएलमध्ये शोधा, सापडल्या तर एक काढा.

जेडब्ल्यूके (जेसन स्वरूपातल्या कूटबद्धतेच्या) चाव्यांबद्दल एवढंच: सीएक्सएफचा ओपनआयडी कनेक्ट (लॉगिनची सोय) वापरत असाल आणि आवृत्ती ३.३.५ किंवा ३.२.१२ च्या आधीची असेल, तर सार्वजनिक चाव्यांच्या पत्त्यावरून खासगी चावीही बाहेर जाण्याची शक्यता होती. अशा वेळी अपग्रेड पुरत नाही. चावी बदलावीच लागते.

२ च्या मालिकेवर अजून असणाऱ्यांसाठी एक उदाहरण देतो, कारण ‘आमच्या सेवेला पासवर्ड आहे’ हा विश्वास तिथे फोल ठरतो. सीव्हीई-२०१२-५६३३. सोप सेवेला डब्ल्यूएस-सिक्युरिटीचा इंटरसेप्टर (संदेश वाटेत अडवणारा भाग) लावलेला असतो आणि तो प्रत्येक संदेशातलं नाव-पासवर्ड तपासतो. पण गेट विनंती आली की तो तपासणीच सोडून द्यायचा. सोपला गेट लागत नाही असं सगळ्यांनी धरलेलं. मात्र यूआरआय मॅपिंगचा एक जुना इंटरसेप्टर साध्या सोप सेवेला गेटनेही हाक मारू द्यायचा. दोन्ही एकत्र आल्यावर ब्राउझरच्या पट्टीत पत्ता लिहून, पासवर्डशिवाय, सेवा चालवता यायची. दुरुस्ती २.५.८, २.६.५ आणि २.७.२ मध्ये. अपग्रेड लगेच शक्य नसेल तर टॉमकॅटच्या समोर असलेल्या एनजिनएक्स सर्व्हरवर त्या पत्त्याला पोस्टशिवाय काही येऊ देऊ नका. डब्ल्यूएसडीएल (सोप सेवेचं वर्णन) गेटनेच मागितला जातो, तेव्हा भागीदारांना त्याची फाइल ईमेलने द्या.

कुठल्या आवृत्तीवर जायचं हे जावावर ठरतं. जावा ८ वर अडकलेल्यांना ३.५ ची मालिका, जावा ११ वर ३.६, आणि जावा १७ असेल तर ४. चौथ्या मालिकेत जावा ईईची जावाएक्स पॅकेजं जकार्ता होतात, म्हणजे टॉमकॅट ९ सोडून १० लागतो आणि डब्ल्यूएसडीएलवरून तयार केलेले क्लास परत तयार करावे लागतात. तो स्वतंत्र प्रकल्प आहे, आठवड्याभरात होत नाही. म्हणून आधी स्वतःच्याच मालिकेतली शेवटची आवृत्ती गाठा. त्यात कोड सहसा बदलावा लागत नाही. पण ३.५ वर कायमचा मुक्काम करू नका. जेएमएसच्या (जावाच्या संदेश-रांगेच्या) पत्त्यात आरएमआय किंवा एलडॅपचा पत्ता घालून कोड चालवण्याची सीव्हीई-२०२५-४८९१३ ३.६.८, ४.०.९ आणि ४.१.३ मध्ये सुधारली, आणि त्या यादीत ३.५ नाही. जेएमएसची सेटिंग परक्या माणसाच्या हाती जात नसेल तर आज धोका कमी, पण जावा ११ कडे निघायची वेळ झाली हे यातून कळतं.

वेळ निवडताना गळीत हंगाम बघा. ऑक्टोबरनंतर कारखान्याच्या सर्व्हरला कुणी हात लावू देणार नाही, म्हणून चाचणी जून-जुलैत आणि बदल ऑगस्टात. पतसंस्थेसाठी मार्चअखेर टाळा. जुनी वॉर आणि जुनी सेटिंग तारीख घालून बाजूला ठेवा.

बदल झाल्यावर चार गोष्टी तपासा. ५१ जोडपत्रांचा संदेश पाठवा, तो नाकारला गेला पाहिजे आणि लॉगमध्ये कारण दिसलं पाहिजे. लांब मराठी नावाची फाइल पाठवून बघा. ५ एमबीचा फोटो शंभर वेळा पाठवा आणि टॉमकॅटच्या टेम्पमध्ये सीओएस फाइली किती उरतात ते मोजा, काही मिनिटांनी आकडा पहिल्या जागी यायला हवा. चौथी चाचणी एक्सओपीची. ऑफिसातल्या दुसऱ्या मशीनवर पायथनचा एका ओळीचा एचटीटीपी सर्व्हर चालू करा, चाचणी सर्व्हरची जाणारी फायरवॉल तेवढ्यापुरती उघडा, आणि एचरेफमध्ये त्या मशीनचा पत्ता घालून संदेश पाठवा. जुन्या वॉरवर हे आधी करून बघा: पायथनच्या खिडकीत विनंतीची ओळ लगेच उमटेल. मग नवी वॉर चढवा, तोच संदेश परत पाठवा. खिडकी कोरी राहिली पाहिजे.